शेवट हरवलेला मूकपट

आमच्या आत्याला घरात सगळेच आक्का म्हणत. निपाणीला तिच्या सासरची तंबाखूची वखार होती, आणि आक्काचा आवाज वखारीच्या पार टोकाला ऐकू जाई. ही बाई लहानपणी कोल्हापुरात एका मूकपटात काम करून आली होती, हे ऐकून नवा माणूस हसायचाच.

मी बेळगावात कॉलेजात शिकवायचो. आम्हा काही मास्तर-वकिलांचं एक चित्रपट मंडळ होतं. ऐंशी सालानंतर कधीतरी त्याच मूकपटाची उरलेली रिळं आम्हाला पुण्याहून मिळाली. सुरुवातीची दोन आणि मधलं एक. बाकीची कधीच नाहीशी झाली होती. मी फुशारकीनं बोलून गेलो, "शेवट आमची आत्या सांगेल. तिनं नायिकेच्या धाकट्या बहिणीचं काम केलंय."

तिथून माझी साडेसाती सुरू झाली. आधी बाहेरच्या फलकावरून भांडण. मराठीत लिहायचा की कन्नडात? सिनेमा मुका, आणि आमचे लोक त्याच्या भाषेवरून हमरीतुमरीवर! शेवटी मी नुसतं चित्र काढून घेतलं.

रविवारी सकाळी आक्का शेजारणींना घेऊन बसनं आली. दिवे मालवले आणि तिचं तोंड सुरू झालं.

"ती रडतिया न्हवं, तिच्या डोळ्यांत कांदा पिळलाय! आन् ही बघा, ही मी!"

मागून कुणीतरी शू:शू: केलं. आक्का गर्रकन वळली. "मुका शिनेमा हाय. तुमाला काय ऐकायचं हाय त्यात?"

मधल्या रिळात दोघी बहिणी घर सोडून नदीकाठी येतात. तिथंच पडदा पांढरा झाला. मंडळाच्या अध्यक्षांनी अदबीनं विचारलं, "आक्का, पुढं काय झालं?"

"मोठीनं नदीत जीव दिला," आक्का म्हणाली. "नवरा बैरागी झाला." सभागृहात बायका डोळे पुसू लागल्या.

पुढच्याच आठवड्यात मी आणखी तपशील विचारायला निपाणीला गेलो, तर नायिका जिवंत! सासू तिच्या पाया पडली म्हणे.

"अगं, परवा तर बुडवलीस तिला!"

"परवा बायका रडायला आलत्या रं. मग बुडवली."

दिवाळीला गेलो तेव्हा नायिका शाळेत बाई झाली होती. माझं डोकंच सणकलं. "आक्का, एकदाच काय ते खरं सांग! सिनेमात काय होतं?"

"मी कुठं बघितला शिनेमा?" ती शांतपणे म्हणाली. "नदीवर माझं काम संपलं. फुडचं मला कुणी सांगितलंच न्हाय. गावात लागला तवा आप्पांनी दाराला कडी घातली. पोरगी चव्हाट्यावर आलीया, ती बघायला घरचं कुणी जायाचं न्हाय म्हणालं. मग माझं लगीन लावून दिलं."

"मग इतकी वर्षं लोकांना शेवट काय सांगत होतीस?"

"लोक इचारत्यात. न्हाय ठावं म्हणायला लाज वाटती."

म्हणजे त्या रविवारी ती स्वतःला पहिल्यांदाच बघत होती. चिडावं तर कुणावर? आप्पा, म्हणजे माझे आजोबा, केव्हाच गेलेले. त्यांच्या तसबिरीकडं बघून मी दात-ओठ खाल्ले आणि परत आलो.

मंडळात सगळं खरं सांगून टाकलं. अध्यक्ष वैतागले. त्यांनी नदीतल्या मरणावर मोठा लेख लिहून छापायलाही दिला होता. "राहू दे आता," ते म्हणाले, "तोच शेवट जास्त शोभतो."

लेख छापून आला. आजही कुणी त्या मूकपटाचा विषय काढला की नायिका बुडतेच. मी तोंड उघडलं तर लोक मलाच ऐकवतात, "तुम्हाला काय ठाऊक? खुद्द त्यात काम केलेल्या बाईनं सांगितलंय!"