एलियाहूची खुर्ची

दर शनिवारी सांज होऊन तारे दिसू लागले, की एस्तरबाई पुढचं दार उघडत आणि दाराकडे तोंड करून एक लाकडी खुर्ची ठेवत. शेजारी मलिद्याचं ताट: गोड पोहे, खोबरं, फळं. त्या खुर्चीवर कुणी बसायचं नाही. ती एलियाहू हन्नबीची, मसीहा येणार हे आधी सांगायला येणाऱ्या संदेष्ट्याची.

तिरोड्यात बेने इस्राएलांचं, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंचं, तेवढं एकच घर. नवऱ्याच्या रेल्वेतल्या नोकरीमुळं बाई अलिबागकडून इकडे आल्या आणि शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाल्या. मी त्यांचा शेजारी. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला, तो केवळ बाईंमुळे.

"आजीनं वाट पाहिली, आईनं पाहिली. मला एकदा दिसला म्हणजे झालं," त्या म्हणायच्या. खोट्यांची मात्र त्यांना चीड. शेकडो वर्षांपूर्वी तुर्कस्तानात एकानं स्वतःला मसीहा म्हणवलं. मोठमोठे रब्बी, म्हणजे धर्मगुरू, भुलले, लोकांनी निघायच्या तयारीनं घरदार आवरून ठेवलं. सुलतानानं दरडावताच त्यानं धर्मच बदलला. "तरी लोक त्याची वाट पाहत राहिले रे," हे सांगताना बाईंचा आवाज खाली जायचा.

गेल्या वर्षी कोहमाऱ्याकडे एक महाराज उगवले. 'येणारा तो मीच' म्हणायचे. खुर्चीची गोष्ट त्यांच्या कानावर गेली. एका शनिवारी ते शिष्याला घेऊन दारात उभे.

"बाई, कोनाची वाट पाहून राहिल्या?" शिष्य म्हणाला. "आले ना हे!"

मी आडवा येणार, तोच बाई म्हणाल्या, "येऊ दे. बसा महाराज. तुम्ही तेच असाल, तर खुर्ची तुमचीच."

महाराज हसत पुढं झाले. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि थबकले. हसू विरलं. "माफ करना," ते खुर्चीकडे बघून पुटपुटले. मग शिष्याला म्हणाले, "चाल. इथं कोनी बसून आहे." खुर्चीकडे पाठ न करता ते बाहेर पडले. चपला दारातच राहिल्या.

"पळाला लबाड!" मी हसलो.

बाई हसल्या नाहीत. "तुला काही दिसतंय?"

"नाही बाई."

"मलाही नाही." त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "जन्मभर दार मी उघडलं. आणि दिसला त्याला."

पुढं त्यांनी अंथरूण धरलं, उठवेना. खुर्ची मी ठेवू लागलो. "तोंड दाराकडेच हं," त्या दर वेळी बजावत. एका शनिवारी मी ती तशीच ठेवली आणि ताटासाठी केळी आणायला घरी गेलो. परत आलो तर बाई गेल्या होत्या. डोळे उघडे, मान किंचित वर, दारात ओळखीचं कुणी दिसल्यावर करतात तशी.

पण त्या दाराकडे बघत नव्हत्या. खुर्ची पलंगाजवळ होती, त्यांच्याकडे तोंड करून. ती हलवायला माझा हात धजला नाही.