बरं, पुढं

भावानं जमिनीच्या कामात मुरलेले वकील धरले होते. वडिलांच्या उसाच्या रानातला माझा हक्क सोडायचा होता, त्या सहीसाठी रहिमतपूरहून साताऱ्याला माझे हेलपाटे चालले होते. वकील डोळे चोळत ऐकायचे आणि प्रत्येक वाक्यामागं दमल्या आवाजात म्हणायचे, "बरं, पुढं."

काल त्यांनी भावाला चहा सांगायला बाहेर पाठवलं.

"आक्का, सही न्हाई केली तर म्हायेर तुटंल?"

"व्हय," मी म्हटलं.

या वेळी ते 'बरं, पुढं' म्हणाले नाहीत. त्यांनी पेनाला टोपण लावलं. भाऊ आत आल्यावर म्हणाले, "आज ऱ्हाऊ द्या. आक्का चष्मा इसरल्यात."

मला चष्मा नाही. भावाला ते माहीत आहे. तो खाली बघत चहा प्यायला.