दोघांच्या वजनाची गाडी

मंगलवहिनींचा फोन आला तेव्हा मी साताऱ्याला मुलीकडे होतो. "भावजी, हे गेलं," एवढंच त्या म्हणाल्या, आणि मला काही विचारायला सुचायच्या आत, "सावकाश या. गाडी पळवू नका." सकाळी अंघोळीचं पाणी काढताना दिनकरच्या छातीत कळ आली आणि तो न्हाणीच्या दारातच खाली बसला. दवाखाना गाठायलाही सवड मिळाली नाही. महिना उलटून गेला, तरी कारखान्याच्या गेटवर मी अजून त्याची वाट बघतो...

आम्ही दोघं कुंडलचे, आणि कुपवाडच्या एकाच कारखान्यात शेजारी शेजारी लेथवर उभे राहायचो. दिनकरला पहिल्यापासून बाहेर पडायचं होतं. "हितंच जन्म काढायचाय व्हय रं?" असं तो मशीन चालू ठेवून ओरडायचा. साताऱ्याला आमच्या जुन्या फोरमननं स्वतःचं वर्कशॉप काढलं आणि दिनकरला बोलावलं. जायचं ठरलंही होतं. त्याच सुमारास मंगलवहिनी माळ्यावरून सरपण काढताना पडल्या. मणका दुखावला. काठी धरून घरात फिरता येऊ लागलं, पण व्यायामाच्या उपचारासाठी आठवड्यातून दोनदा सांगलीला न्यावं लागायचं. एसटीची पायरी त्यांना चढवेना, रिक्षाच्या धक्क्यांनी तर त्या कळवळायच्या. राहिली दिनकरची मोटारसायकल. सीटवर उशी, त्याच्या कमरेला मिठी आणि डोळे घट्ट मिटलेले, अशा त्या बसायच्या. उसाच्या ट्रॉल्यांनी रस्त्याची चाळण केलेली. प्रत्येक खड्ड्याला पाठीमागून "आई गं" ऐकू आलं, की दिनकरचे खांदे आवळले जायचे. मी माझ्या गाडीवरून मागून जाताना ते बघितलंय.

गाडीचे धक्के झेलणारे मूळचे मागचे शॉकअप निकामी झाले होते. त्यानं सांगलीतून दुसऱ्या कंपनीची जोडी आणली. डावा सरळ बसला, उजव्याचा बोल्ट भोकातून जाईना. मी हातोडी उचलली, तर त्यानं हात धरला. "ठोकून बसवलास तर तिरका ऱ्हाईल. मग त्यो एकाच बाजूनं झिजतोय, आन् धक्का तिच्या पाठीला." बोल्ट धरणारी पट्टीच किंचित वाकली होती. ती सरळ केली, वायसर टाकला, तेव्हा बोल्ट बोटानं आत गेला. त्यानंतर दर रविवारी हेच. गाडी डबल स्टँडवर घ्यायची, शॉकअपच्या दांडीवर तेलाचा ओलावा आहे का ते बोट फिरवून बघायचं, चाक वर-खाली हलवून रबरी बुश ढिले झालेत का ते पाहायचं, स्प्रिंग चेनकव्हरला घासते का ते वाकून बघायचं. मग सीट दाबून सोडायची. एकदाच वर येऊन थांबली, तर ठीक.

अशाच एका रविवारी तो म्हणाला, "बस मागं, एक चक्कर मारून बघू." कऱ्हाड आलं, मागं पडलं. हायवेला लागलो तरी गडी वळेना. उंब्रजच्या पुढं एका टपरीवर त्यानं गाडी लावली आणि चहाकडे न बघता म्हणाला, "गड्या, मी आता माघारी येत न्हाई. साताऱ्याला जातू. तू एसटीनं जा."

"आन् वहिनी?"

"तिचं नाव काढू नगंस." त्यानं कप बाजूला सारला. "घर, कुपवाड, सांगली. पुन्हा घर. लय कोंडल्यागत झालंय रं... तिच्यावर राग बी काढता येत न्हाई. तिनं काय केलंय?"

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. वहिनीच होत्या. पलीकडचं मला ऐकू आलं नाही. तो फक्त "व्हय... बरं हायत... मऊ हायत," असं म्हणाला. फोन खिशात ठेवला, चहाचे पैसे दिले. मग उठला आणि गाडी कऱ्हाडकडे वळवली. साताऱ्याचा विषय त्यानं पुन्हा कधी काढला नाही. हसणं मात्र कमी झालं. लेथवर आता तो मुकाट्यानं उभा राहायचा.

तेराव्यानंतर वहिनींनी मला थांबवून घेतलं. "भावजी, त्या दिवशी ते साताऱ्याला निघालं हुतं, व्हय ना?" मी मान खाली घातली. "चक्कर मारतो म्हणून गेलं ते दुपार झाली तरी आलं न्हाईत, तवाच मला कळलं. म्हणून तर फोन केला. शॉकअप कसं हायत इचारलं, आन् म्हणलं, बरं असत्याल तर लांब जाऊन या, माझी घाई न्हाई. मनातनं सांगते, जावं त्यांनी असंच वाटत हुतं. माझ्यासंगं ते बी अडकलं हुतं. पण सांजच्याला गल्लीत गाडीचा आवाज आला, आन् मला इतका आनंद झाला... त्या आनंदाची अजून लाज वाटती."

उपचार थांबवून चालणार नव्हतं. माझ्या गाडीवर त्यांना बसवेना, म्हणून दिनकरची गाडी मी वापरायला घेतली. मागच्या आठवड्यात एकटाच तिच्यावरून कुपवाडला निघालो, तर पलूसपर्यंतच पाठ भरून आली. उतरून बघितलं. शॉकअपवर स्प्रिंगचा ताण कमी-जास्त करायच्या खाचा असतात, त्यातली सगळ्यात कडक खाच दोन्हीकडे लावलेली. दोघांचं वजन असलं की गाडी त्यावर अलगद चालते, एकट्याला मात्र ती दगडासारखी आदळते. रोज कुपवाडला येताना-जाताना इतकी वर्षं तो हे अंगावर घेत होता, आणि मला एकदाही बोलला नाही.

डिकीतून पाना काढला, खाच खाली आणायला हात लावला. मग लक्षात आलं, उद्या वहिनींना सांगलीला न्यायचंय. पाना परत ठेवला, गाडीला किक मारली आणि तसाच धक्के खात कामावर गेलो.