कोथिंबिरीचे चाळीस रुपये

कापसाचा भाव पडला त्या वर्षी घरात बाहेरचं खाणं बंद झालं. नियम माझाच. तरी दर मंगळवारी अमरावतीच्या बाजारात मी एकटी गिला वडा खायचे आणि घरखर्चाच्या यादीत ‘कोथिंबीर, चाळीस रुपये’ लिहायचे. नोटा कधी चुगली करत नसत. मग मुलीने मला फोनवरून पैसे द्यायला शिकवलं. खातं आम्हा दोघांचं, पण मेसेज नवऱ्याच्या फोनवर येतात, हे मी विसरले. पहिल्याच मंगळवारी घरी पोचले, तर ते दारातच उभे.

“वडेवाला कधीपासून कोथिंबीर विकून राहिला?”

मी यादी पिशवीत सारली. “पुढच्या मंगळवारी तुमीबी चला.”

ते आले. पैसे मात्र त्यांनी रोख दिले. त्यांचा फोन घरी मुलीच्या हातात होता; मेसेज तिने वाचला असता.