बिनआवाजाच्या बसचा आवाज

डेपोत त्यांना नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. कागदोपत्री ते हेड मिस्त्री, पण फाटकावरच्या पहारेकऱ्यापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळे त्यांना कानसेनच म्हणत. गाण्यातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. पण डिझेलची बस फाटकातून आत वळली, की हातातला चहाचा पेला खाली न ठेवता ते सांगत, "इंजेक्टर गेलाय हिचा," आणि उघडून पाहिलं की तो गेलेलाच असे. एकदोनदा चुकलेही होते, नाही असं नाही. पण चुकलेलं लोक विसरतात आणि बरोबर आलेलं तिखटमीठ लावून सांगतात. माणसाचं नाव होतं ते असंच. कानसेनांनाही ते नाव मनातून फार आवडायचं, वरवर "काहीतरीच हं तुमचं" म्हणायचे इतकंच.

मग सरकारचा कायदा आला. शहराची हवा नासली होती हे तर कुणीच नाकारत नव्हतं. वर्कशॉपच्या भिंतीवरून बोट फिरवलं तरी कळत होतं. कायदा म्हणत होता, जुन्या डिझेल गाड्या ठरलेल्या मुदतीत भंगारात काढा, त्या मोडल्याचा दाखला दाखवा, मग नव्या विजेच्या बसच्या किमतीतला मोठा वाटा सरकार उचलेल. वर एक अट, की डेपोतल्या जुन्या माणसांना घरी बसवायचं नाही, नवं काम शिकवायचं. अट चांगलीच होती. पण शिकायचं म्हणजे आयुष्यभर पाना धरलेल्या हाताने लॅपटॉप धरायचा. ज्यांना ते जमलं नाही, त्यांना शब्दाला जागून घरी बसवलं नाही. गाड्या धुवायला लावलं, नाहीतर फाटकावर उभं केलं. कानसेनांच्या बरोबरीचा रेडिएटरवाला आता पाण्याचा पाइप धरून बस धूत असे आणि कुणी विचारलं की म्हणे, "तेव्हाही पाण्याचंच काम होतं की!" सगळे हसत. कानसेनांना हसू येत नसे. वर्कशॉपच्या बाहेर आपण कोण, हे त्यांना खरोखरच ठाऊक नव्हतं.

नव्या बस आल्या. ना धूर, ना थरथर. अंगणातून अशा सरकत, की जणू कपाट कुणी तेल लावून ढकलतंय. कानसेन नाक मुरडून म्हणाले, "कानामागून आली नि तिखट झाली." पण त्यांना खरं हसू फुटलं ते कायद्यातलं पुढचं कलम कळल्यावर. बिनआवाजाची गाडी हळू चालत असली, की तिने मुद्दाम आवाज करायचा, म्हणजे रस्त्याने जाणाऱ्याला, त्यातून डोळ्यांनी अधू असलेल्याला, ती आल्याचं कळावं. त्यासाठी पुढच्या बंपरमागे एक छोटा भोंगा बसवला होता.

"घ्या!" कानसेन म्हणाले. "आवाज करते म्हणून जुनी घालवली, आणि आता गप्प राहते म्हणून हिला वाचा फोडायची. नव्या सुनेची गत झाली हिची. बोलली तर उद्धट, नाही बोलली तर घुमी."

बसचा भोंगा बंद सापडला तर सरकारचा वाटा अडकणार होता. म्हणून साहेबांनी डेपोत नियम केला, की रोज सकाळी प्रत्येक बस फाटकाबाहेर पडण्याआधी एका माणसाने पुढे उभं राहायचं, गाडी हळू चालवून घ्यायची, आवाज ऐकायचा आणि मगच 'पास' म्हणायचं.

"आता हे काम कुणाचं, ते मी सांगायला हवं का?" साहेब म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कानसेनांची वर्कशॉपमधली जागा राहिली.

पहिल्या सकाळी पहिली बस त्यांच्या धाकट्या मेहुण्याची होती. बायकोचा हा भाऊ त्याच डेपोत ड्रायव्हर होता. त्याने गाडी गोगलगायीच्या चालीने पुढे आणली. कानसेनांनी सवयीप्रमाणे मान तिरकी केली, डोळे मिटले. काही नाही.

"नापास. भोंगा मेलाय."

मेहुणा चमकला. पण भाऊजींच्या कानापुढे तोंड कोण उघडणार? त्याने गुमान गाडी बाजूला घेतली. दुसरी आली, नापास. तिसरीही नापास. ऊन चढलं तरी एकही बस बाहेर पडली नाही. थांब्यांवर खोळंबलेले लोक डेपोच्या नावाने बोटं मोडू लागले. बस बनवणाऱ्या कंपनीने आपली इंजिनिअर पाठवली. ती तरुण मुलगी बंपरमागे शिरली आणि भोंगे बदलून बाहेर आली. कानसेन पुन्हा म्हणाले, "नापास."

तेव्हा तिने आवाज मोजायचं यंत्र पुढे धरलं. काटा हलत होता. "काका, वाजतंय ना," ती साधेपणाने म्हणाली. "बारीक, सूं करून. माझ्या तर कानाला टोचतंय."

एकजण बुटांकडे बघत राहिला, दुसरा उगाच पान्याला फडकं मारू लागला. त्या माणसांच्या तोंडांवरून कानसेनांना कळलं. उभं आयुष्य डिझेलच्या धडधडीत काढलं, त्यात कान झिजले होते. जाड आवाज येत होते. माणसांचं बोलणं, इंजिनाचा ठोका, दाराची धाड. बारीक तेवढे गेले होते. आणि गेले ते असे, की जाताना पत्ता लागू दिला नाही.

"हां," कानसेन घसा साफ करत म्हणाले. "आता आला. आधी दबका होता."

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण ती मूठ दिवसभर आवळून धरायची म्हणजे बोटं दुखतात. कानसेन रोज पहाटे जाऊन उभे राहत. कानाने कळत नाही म्हटल्यावर ते ड्रायव्हरच्या तोंडाकडे बघू लागले. तो निश्चिंत दिसला की मान डोलवायची आणि म्हणायचं, पास. डेपोच्या अंगणात झाडणाऱ्या बायका पाठमोऱ्या वाकून झाडत असत. मागून बस आली की वर न बघताच बाजूला होत, त्या भोंग्याच्या भरवशावर. कानसेनांना हे रोज दिसे. आणि रोज ते पास म्हणत, कारण अंगणाच्या दुसऱ्या टोकाला रेडिएटरवाला पाइप धरून उभा असे.

एका सकाळी मेहुण्याने गाडी पुढे आणली आणि खिडकीतून विचारलं, "भाऊजी, आला का आवाज?"

"आला की. पास."

मेहुण्याने गाडी थांबवली आणि खाली उतरला. जवळ येऊन त्याने मूठ उघडली. तळहातावर भोंग्याचा फ्यूज होता.

"मी काढून ठेवला होता," तो हळू आवाजात म्हणाला. "भाऊजी, बरेच दिवस बघतोय. गाडी हलायच्या आधी तुमची मान हलते."

कानसेनांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माझी परीक्षा घेतोस? अरे, शेंबडा होतास तेव्हा नाक पुसलंय मी तुझं!"

"पुसलंय ना. म्हणून तर साहेबांकडे गेलो नाही." मेहुण्याने फ्यूज तसाच पुढे धरला. "पण चाक माझ्या हातात असतं. उद्या कुणी खाली आलं, तर तुम्ही पास म्हणाला होतात, हे सांगून मला झोप येईल का?"

मेहुण्याच्या मागे एक बाई झाडत होती. बस तिच्यापासून हातभर अंतरावर उभी होती आणि तिला ती आल्याचं ठाऊकही नव्हतं. कानसेनांनी ते पाहिलं आणि त्यांचा राग कुठल्या कुठे गेला. उरली नुसती लाज, आणि खरं सांगायचं तर थोडं हलकंही वाटलं. त्यांनी मेहुण्याच्या हातून फ्यूज घेतला, स्वतः बसवला आणि तसेच साहेबांच्या खोलीत गेले.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता. "एवढंच ना? यंत्र ठेवू जवळ. काटा बघायचा नि पास म्हणायचं. कुणाला कळतंय?"

"काटा बघायला कुणीही चालेल, साहेब. कानसेन म्हणून जो उभा राहील त्याला ऐकू यायला पाहिजे." कानसेन उठले. "मागच्या शेडमध्ये चार डिझेलच्या गाड्या आहेत ना, मुदत संपेपर्यंत? त्या द्या मला. त्यांचं अजून कळतं. त्या गेल्या की एक पाइप बघून ठेवा."

संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी बायकोला सगळं सांगितलं, फ्यूजपासून पाइपपर्यंत. ती कपड्यांच्या घड्या घालत ऐकत होती. तिने ना हातातली घडी टाकली, ना डोळे मोठे केले. बोलून झाल्यावर कानसेनांना वाटलं, हिला काही कळलं की नाही?

"चला," ती म्हणाली. "भाजी आणायचीय. तेवढंच पाय मोकळे होतील."

रस्त्यावर गर्दी होती. विचारांच्या नादात कानसेन चालता चालता रस्त्याच्या बाजूला सरकले, तशी तिने त्यांचा दंड धरून त्यांना भिंतीच्या बाजूला ओढलं. त्याच क्षणी त्यांच्या गालाला वारा लागला. एक नवी बस तिच्या पदराला लागून पुढे गेली. कानसेनांना त्या बसचा काही म्हणजे काही आवाज आला नव्हता.

ते जागच्या जागी थांबले. "तुला आला?"

"आला ना."

"म्हणजे तुला माहीत होतं? कधीपासून?"

"वर्ष झालं असेल," ती म्हणाली. "तेव्हापासून तुम्हाला रस्त्याच्या बाजूने चालू दिलं नाही मी."

"अगं, मग सांगायचं तरी!"

"सांगितलं असतं तर मला दाखवायला म्हणून तुम्ही मुद्दाम बाहेरच्या बाजूने चालला असता."

ते अगदी खरं होतं. भाजीवाल्यापर्यंत कानसेन भिंतीच्या बाजूनेच चालले, आणि तिने दंड सोडला नाही.