टॅनरी लेनचा हॉल आणि श्यामलाताई

श्यामलाताई वाळिंब्यांवर मी सबंध वर्ष चिडून होते, आणि त्याच वर्षात माझ्यासाठी सगळ्यात जास्त कुणी धावलं असेल, तर त्याच. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एकीने दुसरी खोडली जात नाही.

आमचं ॲशमेर वॉटफर्डपासून अर्ध्या तासावर. एक हाय स्ट्रीट, एक कालवा, दोन सुपरमार्केटं आणि पुण्या-नागपूरकडची, रोज ट्रेनने लंडनला जाणारी आपली बरीच मंडळी. मी देविका, त्यातलीच एक. नवरा नाही, मूल नाही, सोबतीला आई. तिला सगळे सुप्रभामावशी म्हणायचे.

श्यामलाताई मूळच्या सांगलीच्या. नवरा श्रीकांत हॉस्पिटलात भुलीचा डॉक्टर म्हणून आला, त्याच्यामागून या आल्या आणि पुढची वीसेक वर्षं त्याच हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासत राहिल्या. राजकारणाशी संबंध शून्य. पण रिटायर झाल्या आणि त्यांच्या घरासमोरच्या बसस्टॉपवरचा बाक कौन्सिलने काढून नेला. बाई पेटल्या. म्हाताऱ्या माणसांनी बसची वाट उभ्याने बघायची का, एवढा एकच प्रश्न घेऊन त्या कौन्सिलच्या निवडणुकीला अपक्ष म्हणून उभ्या राहिल्या आणि त्यांच्यासकट सगळ्यांना आश्चर्य वाटलं, कारण त्या निवडून आल्या. सांगलीहून दिराचा फोन आला, "वहिनी, नगरसेविका झालात, गाडी मिळते का?" त्या म्हणाल्या, "गाडी नाही भाऊजी, शिव्या मिळतात. त्या मात्र भरपूर."

बाक परत आला. त्यानंतर लोकांनी त्यांना सोडलंच नाही. कुणाचा कचरा उचलला नाही, कुणाच्या शेजाऱ्याचं झाड आडवं आलं, श्यामलाताई हजर. भाजी घेताना, देवळात, डॉक्टरकडे रांगेत, कुठेही लोक त्यांना धरायचे आणि त्या ऐकून घ्यायच्या. सगळं ऐकून झाल्यावर म्हणायच्या, "बघते." एवढंच. आपल्या लोकांना ते 'बघते' फार खटकायचं.

एकदा त्या कौन्सिलच्या शिष्टमंडळाबरोबर स्पेनला गेल्या. सोरिया नावाच्या प्रांतातलं एक खेडं आमच्या गावाशी जोडलेलं आहे, मैत्रीचं गाव म्हणून. परत आल्या त्या भारावूनच. "अगं देविका, सत्तर माणसांचं गाव, आणि त्यांना स्वतःची म्युनिसिपालिटी! त्याहून लहान गावांत तर सगळं गावच एकत्र बसतं आणि ठरवतं. तिथला मेयर बारमध्ये उभा राहून सगळ्यांसमोर सांगत होता, शाळा बंद होऊ देणार नाही म्हणून. आणि इथे मला तोंड उघडायची चोरी!" शाळेत मुलं किती होती, असं मी विचारलं. त्या जराशा ओशाळल्या. "तीन," म्हणाल्या.

तोंड उघडायची चोरी का, ते सांगते. श्यामलाताई प्लॅनिंग कमिटीवर होत्या. गावात काय बांधायचं आणि काय पाडायचं हे ती कमिटी ठरवते. त्या कमिटीवरच्या माणसाने दोन्ही बाजू ऐकायच्या आणि मगच मत बनवायचं, असा दंडक. आधीच ठरवून आलेल्याचं मत धरलं, तर दुखावलेली बाजू कोर्टात जाऊ शकते. म्हणून ते 'बघते'.

आणि मग टॅनरी लेनच्या हॉलवर गदा आली. कौन्सिलने तो एका बिल्डरला द्यायचं ठरवलं होतं. हॉल पाडून तिथे फ्लॅट होणार होते. राहिली होती ती फक्त कमिटीची परवानगी.

तो हॉल म्हणजे काही ताजमहाल नव्हता. गळकं छत, लघवीचा वास येणारा पॅसेज, सदा बिघडलेलं हीटिंग. पण मंगळवारी आणि गुरुवारी तिथे म्हाताऱ्यांचं सेंटर चालायचं आणि कौन्सिलची मिनीबस माझ्या आईला दारातून न्यायची, दारात आणून सोडायची. आईची स्मरणशक्ती ढासळत चालली होती. घरी ती मला कधीकधी आपली धाकटी बहीण समजायची. पण सेंटरात आणखी तीन मराठी बायका होत्या, आणि त्या चौघी पत्ते घेऊन बसल्या की आई पूर्वीची आई व्हायची. भांडायची, लबाडी पकडायची, दुसरीच्या सुनेबद्दल चौकशी करायची. डॉक्टरने मला स्पष्ट सांगितलं होतं, ही बोलती राहील तोवरच तुमच्या हातात राहील. इंग्रजी तिला कधीच आलं नाही. मी दिवसभर लंडनला. म्हणजे हॉल गेला की आईचं बोलणं गेलं, इतका साधा हिशेब होता आणि तो श्यामलाताईंनाही पाठ होता.

संक्रांतीचं हळदीकुंकू इथल्या मराठी मंडळाने त्याच हॉलमध्ये ठेवलं, आणि त्यात श्यामलाताईंचा सत्कार. आपल्याकडे कुणाकडून काही काम करून घ्यायचं असलं की आधी त्याला शाल घालतात. मंडळाचा सेक्रेटरी परीक्षित एका बँकेत सॉफ्टवेअरचं काम करतो. उत्साही मुलगा, जरा जास्तच. त्याने माइक हातात घेऊन ताईंना हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. त्या हसून दोन शब्द बोलल्या आणि शेवटी सवयीने म्हणाल्या, "हॉलचं मी बघते."

"ताई, नुसतं बघते नको!" परीक्षित ओरडला. "आज प्रॉपर कमिटमेंट पाहिजे. शब्द द्या!"

टाळ्या. शब्द द्या, शब्द द्या. श्यामलाताई नुसत्या मान हलवत राहिल्या. मग पहिल्या रांगेतून माझी आई उठली. ती कशी उठली, तिला काय कळलं, देव जाणे. म्हणाली, "श्यामला, दे गं बाई शब्द. आम्ही कुठे जाऊ?"

त्यानंतर त्या बाईने काय करायला हवं होतं? तुम्ही सांगा. सत्तर-ऐंशी माणसं बघत होती, अंगावर शाल होती, हातात नारळ होता. श्यामलाताईंनी माइक घेतला आणि म्हणाल्या, "हा हॉल पाडायच्या बाजूने माझा हात कधीच वर जाणार नाही. मावशी, शब्द दिला." हॉल दणाणून गेला. आई शेजारणीला म्हणाली, "बघ, आपली मुलगी आहे ती."

मराठीत बोललेलं मराठीतच राहिलं असतं तर एक वेळ निभावलं असतं. पण परीक्षितने त्याच संध्याकाळी व्हिडिओ फेसबुकवर टाकला आणि गोऱ्या लोकांनाही कळावं म्हणून खाली इंग्रजी सबटायटल्स घातली. अनुवाद अगदी चोख केला होता. तो व्हिडिओ म्हणे बिल्डरच्या वकिलानेही बघितला.

कमिटीच्या मीटिंगच्या आधी कौन्सिलच्या कायदा अधिकाऱ्याने श्यामलाताईंना बोलावून घेतलं. त्याचं म्हणणं, तुम्ही या विषयापुरतं बाहेर बसलेलं बरं. हा सल्ला आहे, सक्ती नाही. हे मला त्यांनीच त्यांच्या किचनमध्ये सांगितलं. मी तिथल्या तिथे भडकले.

"सक्ती नाही ना? मग बसा तिथे आणि व्होट करा."

"तसं नाही देविका. मी बसले आणि आपण जिंकलो, की ते कोर्टात जाणार. जज तो व्हिडिओ बघणार. सगळा डिसिजन क्वॉश होईल, रद्दच."

"आणि नाहीच गेले कोर्टात तर?"

"तरी ते बरोबर नाही. माझा माइंड मेड अप होता, हे खरंच आहे ना? लॅबमध्ये सॅम्पल कंटॅमिनेट झालं की आम्ही फेकून द्यायचो. चांगलं दिसतंय म्हणून रिपोर्ट नाही करायचो."

"माझी आई सॅम्पल आहे का?"

त्यांनी माझ्यासमोरची खुर्ची ओढून घेतली. मग हळूच म्हणाल्या, "अगं, मी सगळ्यांशी बोललेय. माझ्याशिवाय सहा हात आपल्या बाजूने आहेत. सहा विरुद्ध चार. मी नसले तरी हॉल वाचतो, आणि स्वच्छपणे वाचतो. कुणी बोट दाखवू शकणार नाही." श्रीकांतभाऊ चहा गाळत होते. माझ्याकडे बघून त्यांनी मान हलवली. त्या मानेचा अर्थ मला अजून लागलेला नाही.

मीटिंगला मी प्रेक्षकांच्या खुर्च्यांत होते. हॉलचा विषय आला तेव्हा श्यामलाताई उठल्या, आपण आधीच मत मांडलं आहे असं सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, पर्स उचलली आणि बाहेर गेल्या. मागे बसलेल्या आपल्या लोकांना काहीच कळलं नाही. "टॉयलेटला गेल्या का?" कुणीतरी विचारलं.

मग एक अधिकारी उभा राहिला. शेजारच्या गावातल्या लेझर सेंटरमध्ये, म्हणजे जिम आणि पोहण्याचा तलाव असलेल्या इमारतीत, म्हाताऱ्यांसाठी एक खोली द्यायचं ठरतंय, असं त्याने फार गोड आवाजात सांगितलं. त्या सहा हातांपैकी एक हात एका रिटायर्ड मास्तरांचा होता. भला माणूस. त्याला ते पटलं. त्याचा हात दुसऱ्या बाजूला गेला. पाच आणि पाच. अध्यक्षांनी बरोबरीत मिळणारं आपलं जादा मत बिल्डरच्या पारड्यात टाकलं आणि पुढचा विषय घेतला. पुढचा विषय कुणाच्या तरी गॅरेजचा होता.

बाहेर कॉरिडॉरमध्ये श्यामलाताई भिंतीला टेकून उभ्या होत्या. आमच्या तोंडांकडे बघून त्यांना सगळं कळलं. परीक्षित त्यांच्याजवळूनच गेला, पण थांबला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने तो व्हिडिओ काढून टाकला आणि मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं, ऐन वेळी आपली माणसंच पाय मागे घेतात. त्याखाली लाइकचे अंगठे टाकणाऱ्यांमध्ये शाल घालणारेही होते. मी अंगठा टाकला नाही, पण ताईंच्या बाजूने एक ओळसुद्धा लिहिली नाही. कशाला लिहू? मलाही तेच वाटत होतं.

लेझर सेंटरमधली खोली मिळाली खरी, पण मिनीबस मिळाली नाही. दोन बस बदलून कुठली म्हातारी जाणार? श्यामलाताई आपल्या छोट्या गाडीतून चौघींना नेऊ-आणू लागल्या. पण एकीला तिची मुलगी लेस्टरला घेऊन गेली, दुसरी स्लाऊला मुलाकडे गेली, तिसरी हिवाळ्यात वारली. आईशी खेळायला कुणी उरलं नाही, आणि खोलीही माणसं येत नाहीत म्हणून बंद झाली. तरी श्यामलाताई मंगळवारी आमच्याकडे येऊन आईजवळ बसायच्या. मी दार उघडायची, चहा द्यायची, आणि त्यांच्याशी कामापुरतं बोलायची.

एका गुरुवारी आई एकटीच घराबाहेर पडली. पायात स्लिपर, अंगावर माझा कोट. ती चालत थेट टॅनरी लेनला गेली. तिथे हॉल नव्हता, पत्र्याचं कुंपण होतं. क्रेनवरच्या एका पोलिश माणसाने पोलिसांना सांगितलं, की ही बाई बराच वेळ कुंपणावर थापा मारत होती, काहीतरी विचारत होती, आणि मग वळताना पडली. खुब्याचं हाड मोडलं. तिने काय विचारलं ते त्याला समजणं शक्यच नव्हतं.

हॉस्पिटलमधून ती घरी आलीच नाही. दिवसभर माणूस लागेल, डॉक्टर म्हणाले, आणि तसा माणूस मला परवडणारा नव्हता. कुठल्या केअर होममध्ये ठेवायचं ते काउंटी, म्हणजे वरचं जिल्ह्याचं कौन्सिल, ठरवते, आमच्या कौन्सिलच्या हातात काही नाही. जागा मिळाली ती दीड तासावर, समुद्रकाठी, जिथे मराठी सोडाच, हिंदी बोलणारंही कुणी नाही. आईला जवळच्या होममध्ये आणण्यासाठी श्यामलाताईंनी किती फोन केले, कुणाकुणाच्या पायऱ्या झिजवल्या, याला गणती नाही. सगळीकडून एकच उत्तर, तुमची आई रांगेत आहे. आणि आता तर ही छोटी कौन्सिलंच मोडून एक मोठं करणार आहेत. श्यामलाताईंची खुर्चीही जाणार. पुढे बाकासाठी भांडायला माणूस शोधायला कुठल्या गावाला जायचं, कोण जाणे.

मागच्या रविवारी आम्ही दोघी आईला भेटायला गेलो. ताईच चालवत होत्या. होमची मॅनेजर हसतमुख होती. म्हणाली, तुमची आई आता अगदी सेटल झाली आहे, मुळीच त्रास देत नाही. आई खिडकीजवळ बसली होती. केस छान विंचरलेले, अंगात कुणाचा तरी गुलाबी कार्डिगन. श्यामलाताई तिच्यासमोर गुडघ्यांवर बसल्या, तिचे हात हातात घेतले.

"मावशी, मी श्यामला. ओळखलंत का?"

आईने त्यांच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. चेहऱ्यावर परक्या माणसासाठी ठेवतात तसं हसू आलं.

"थँक यू, डिअर," ती म्हणाली.

ताई बोलत राहिल्या. सांगलीचं बोलल्या, पत्त्यांचं बोलल्या, त्या तिघींची नावं घेतली, माझं नाव घेतलं. प्रत्येक वेळी आई तेवढंच म्हणाली, तितक्याच गोडपणे. चहा आणणाऱ्या मुलीलाही तेच म्हणाली. मी दाराशी उभी होते. जवळ जायचं धैर्य मला झालं नाही.

परतताना गाडीत बसल्यावर श्यामलाताईंनी चावी लावली आणि फिरवली नाही. समोर बघत म्हणाल्या, "देविका, मी बाहेर जायला नको होतं."

हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकायला मी वर्षभर टपून बसले होते. ऐकलं, आणि आता त्याचं काय करायचं, ते मला कळेना.