हृषिकेशरावांचा ड्रायसूट

हृषिकेशराव म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे, निशिगंधाचे, यजमान. जर्मनीत, फ्रँकफर्टजवळच्या एश्बॉर्नला एका सॉफ्टवेअर कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर आहेत. माणूस वाईट नाही, असं निशिगंधा म्हणते. बरोबर आहे. वाईट व्हायलाही निदान काहीतरी करावं लागतं. हे गृहस्थ फक्त तयारी करतात.

घरी पाव भाजायचा ठरला तेव्हा ओव्हन बदलला, पीठ मळायचं मशीन आलं, दगडाची लादी आली. पाव अजून कोपऱ्यावरच्या बेकरीतूनच येतो. सायकलने ऱ्हाइनच्या काठाकाठाने जायचं ठरलं तेव्हा सायकल आली, हेल्मेट आलं, पावसात घालायची विजार आली. ऱ्हाइन बिचारी वाट बघते आहे. आणि या सगळ्या न केलेल्या गोष्टींवर हृषिकेशराव अधिकारवाणीने बोलतात. जेवायला बोलावलं तर आमटी निवेपर्यंत बोलतात.

मग डायव्हिंगची पाळी आली. इजिप्तच्या कोमट पाण्यात सुट्टीवर असताना त्यांनी डायव्हिंग शिकल्याचं एक कार्ड मिळवलं होतं, तेवढ्या भांडवलावर ते थंड पाण्याकडे वळले. थंड पाण्यात उतरायचं तर ड्रायसूट लागतो. त्यात पाणी शिरत नाही, आत लोकरीचे कपडे घालता येतात. यांनी दुकानातला सर्वांत भारी घेतला. तो घेऊन ऑफिसच्या कामासाठी नॉर्वेला गेले आणि परत आले ते दर्यावर्दी होऊन.

"शुभाताई, फ्योर्डच्या, त्या डोंगरांमधल्या खाडीच्या, तळाशी जी शांतता असते ना, ती शब्दांत नाही सांगता येत," असं मला म्हणाले, आणि नंतर तासभर शब्दांतच सांगत राहिले. फोटो दाखवले. सगळ्या फोटोंत सूट कमरेपर्यंत चढवलेला, बाह्या पोटावर बांधलेल्या, मागे डोंगर, चेहऱ्यावर कृतार्थता. महाराष्ट्र मंडळात त्यांनी या विषयावर भाषणही ठोकलं. मी पहिल्या रांगेत बसून जांभया गिळल्या.

पण त्या भाषणाला पहिल्या रांगेत आणखी एकजण होती, आणि ती जांभया देत नव्हती. त्यांची मुलगी तनया. पंधरा वर्षांची, आम्ही मराठीत विचारावं आणि तिने जर्मनमध्ये उत्तर द्यावं, अशी. नॉर्वेचा एक फोटो तिने कपाटाच्या दारावर आतून चिकटवला होता. दुसऱ्याच आठवड्यात ती डायव्हिंग क्लबात गेली, आणि बापासारखी तयारी करत न बसता सरळ पाण्यात पडली.

गेल्या सप्टेंबरात तिच्या कोर्सची अखेरची डुबकी होती, उत्तर समुद्रावरच्या एका जुन्या बंदरात. दगडी धक्क्याने समुद्र अडवल्यामुळे आत लाटा येत नाहीत, पण भरती-ओहोटी येतेच, आणि तिच्या ओढीत पोहणं मुश्कील. त्यामुळे पाणी वळण्याआधी थोडा वेळ थांबतं, तेवढ्यातच उतरून वर यायचं. बाकीच्या मुलांनी सकाळीच उरकलं होतं. तनया मात्र बाबा पोचेपर्यंत, दुपारसाठी थांबली होती. डुबकी जोडीनेच मारायची असते; जोडीला घरचं डायव्हिंग येणारं माणूस चाललं असतं, आणि तसं माणूस फक्त तिच्याच घरी होतं. "माझा जोडीदार बाबा," असं तिने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. दुपार हुकली तर कोर्स अर्धवट राहणार होता, पण तिला त्याची फिकीर नव्हती. तिला बाबाबरोबर पाण्याखाली जायचं होतं.

निशिगंधाला ऑफिसची ड्यूटी लागली, म्हणून फोटो काढायला मला धाडलं. तनया क्लबबरोबर आदल्या दिवशीच गेली होती. फ्रँकफर्टपासून समुद्रापर्यंत हृषिकेशरावांनीच गाडी चालवली. गाडी ते उत्तम चालवतात, हे मला मान्य आहे. पण भरती-ओहोटीवरचं त्यांचं व्याख्यान ब्रेमेन शहर मागे पडलं तरी संपेना.

पोचलो तेव्हा तनया सूट चढवत होती. क्लबचा जुना सूट, गुडघ्यांवर ठिगळं. गळ्याशी पातळ रबराची पट्टी होती, ती तिने मला दाखवली आणि जर्मनमध्ये समजावलं, की नव्या सुटाचं हे रबर नरसाळ्यासारखं लांब आणि निमुळतं असतं. पहिल्यांदा घालायच्या आधी ते आपल्या मानेच्या मापाने कापावं लागतं. "नाही कापलं तर?" मी विचारलं. तिने जीभ बाहेर काढून गुदमरल्याची नक्कल केली आणि खदखदून हसली. इतकी खूश मी तिला कधी पाहिली नव्हती.

हृषिकेशराव अजून शर्ट-पँटमध्येच होते. त्यांनी मुलांच्या आईबापांना गोळा करून सुरक्षिततेवर बोलायला सुरुवात केली होती. "आल्झो, तर पहिला मुद्दा म्हणजे रिस्क." रिस्क झाली, मग हवामान झालं, मग नॉर्वे झालं. मी बंदरातल्या लाल बोयाकडे बघत होते. आलो तेव्हा त्याची दोरी ताणलेली होती; आता ती सैल होऊन पाण्यावर वेटोळी पडली होती. पाणी थांबलं होतं.

"हृषिकेशराव, अहो, कपडे बदला!" मी ओरडले.

"घाईत चुका होतात, शुभाताई," ते म्हणाले आणि सिलिंडर तिसऱ्यांदा तपासू लागले.

क्लबची प्रशिक्षक उटे, साठीची दणकट बाई, या दोघांबरोबर पाण्यात जाणार होती. ती कमरेवर हात ठेवून पाण्याकडच्या उतारावर उभी होती. शेवटी तनयाच वैतागून गाडीकडे गेली आणि तिने बापाची बॅग उघडली. "बाबा, कोम, चल, मी मदत करते," म्हणत सूट बाहेर ओढला.

सूट नवाकोरा. गळ्याचं रबर चांगलं वीतभर उभं, टोकाला निमुळतं, दुकानातली पावडर अजून अंगावर. त्यातून हृषिकेशरावांचं मनगट गेलं असतं, डोकं नाही.

तनयाचा हात थांबला. तिने रबरावरून एकदा बोट फिरवलं, बोटाला लागलेली पावडर पाहिली. मीही पाहिली. खोटं सांगत नाही, क्षणभर मला आनंद झाला. इतक्या वर्षांची जांभई वसूल झाल्यासारखं वाटलं. मग मी पोरीच्या तोंडाकडे पाहिलं आणि मला त्या माणसाचा असा संताप आला, की त्याला तिथेच सुटासकट पाण्यात ढकलावं. हृषिकेशराव सिलिंडरशी बोलत होते. त्यांना काही दिसलं नव्हतं.

उटेने हाक मारली. आता नाही तर आज नाही.

तनयाने सूट घडी घालून बॅगेत ठेवला, चेन लावली आणि उटेला मोठ्याने जर्मनमध्ये सांगितलं, "बाबाच्या कानाला त्रास होतोय. तू होशील माझी जोडीदार?"

हृषिकेशरावांनी मान वर केली आणि त्यांचा हात कानाकडे गेला. कोणता कान, हे ठरवायला त्यांना जरा वेळ लागला. "हो, गेनाऊ, अगदी तसंच," ते म्हणाले. "कान. सकाळपासूनच." चेहऱ्यावर अशी सुटका होती, की माझ्याने बघवेना.

दोघी हिरवट पाण्यात नाहीशा झाल्या. धक्क्याच्या कडेने बुडबुडे सरकत होते. हृषिकेशराव माझ्या शेजारी उभे राहून बुडबुड्यांवरून श्वासाची गती कशी ओळखायची ते सांगू लागले. मी दुसरीकडे जाऊन उभी राहिले.

दोघी वर आल्या तेव्हा तनयाचे ओठ निळे होते आणि ती बोलायची थांबत नव्हती. दगडांच्या बिळात शेवंड, म्हणजे लॉबस्टर, दिसला होता, हाताएवढा. हे सगळं ती उटेला सांगत होती, जणू उटेने तो पाहिलाच नव्हता. बापाकडे तिने वळूनही पाहिलं नाही.

नंतर टेबलावर केक आणि कॉफी मांडली गेली. कुणीतरी सहज विचारलं, कान कसा आहे. तेवढं निमित्त पुरलं. "कानाचं काय, नॉर्वेत तर तिसाव्या मीटरला..." हृषिकेशराव सुरू झाले. जर्मन मंडळी आदराने ऐकू लागली.

तनयाने कप खाली ठेवला. आवाज न चढवता, टेबलाभोवतीच्या जर्मन मंडळींना कळू नये म्हणून, स्वच्छ मराठीत म्हणाली, "बाबा, पुरे. रबर मी पाहिलंय."

हृषिकेशरावांचं वाक्य तिसाव्या मीटरलाच राहिलं. त्यांनी केकचा तुकडा उचलला, परत ठेवला. कुणीतरी हवेचा विषय काढला. मी त्यांना इतकं गप्प त्याआधी कधी पाहिलं नव्हतं आणि आश्चर्य म्हणजे मला ते आवडलं नाही.

परतताना गाडी त्यांनीच चालवली. ब्रेमेनजवळ घसा खाकरून ते मला म्हणाले, "त्याला खास कात्री लागते, शुभाताई. साध्या कात्रीने रबर फाटतं. ऑर्डर करतो." मागच्या सीटवर तनया कानांत हेडफोन घालून बसली होती. डोळे उघडे होते.

कात्री आली. मी पाहिली, त्यांच्या घरी सुटाच्या शेजारी खिळ्याला अडकवलेली आहे, वेष्टनासकट.

परवा तनयाचा फोन आला. ईस्टरला क्लब परत त्याच बंदरात जाणार आहे, तिची जोडी उटेबरोबर ठरली आहे.

"आणि बाबा?" मी विचारलं.

"बाबा गाडी चालवेल," ती मराठीत म्हणाली. "गाडी तो खरंच चांगली चालवतो."